छपाईची जागा आधी ठरवा, ऑर्डर मग घ्या



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या दुकानात एका क्रिकेट संघाची ४८ टी-शर्टांची ऑर्डर आली. छातीवर संघाचे चिन्ह, पाठीवर खेळाडूचे नाव व नंबर आणि डाव्या बाहीवर खर्च देणाऱ्या दुकानदाराचे नाव, असे काम होते. सगळा मजकूर मोबाईलवर एकाच चित्रात आला. मी तो तसाच कारागीर मुलाकडे पाठवून दिला. बाहीवरचे नाव ४ इंच रुंद होते. मोठ्या शर्टांवर ते बरोबर बसले. परंतु संघात लहान मुलेही होती. त्यांच्या १४ शर्टांवर तेच नाव थेट शिवणीवर चढले आणि काखेत गेले. गिऱ्हाइकाने ते १४ नग परत केले. दुसऱ्याचे नाव छापलेला शर्ट कोण विकत घेणार? नुकसान भरून काढण्यासाठी मी त्या मुलाची मजुरी कापली.

काही दिवसांनी शांत डोक्याने विचार केला, तेव्हा चूक माझी होती हे ध्यानात आले. कोणत्या मापाच्या शर्टावर, कोणत्या जागी, किती इंचाचा छाप, हे मी कोठेही लिहून दिले नव्हते. मी त्याचे पैसे परत केले. हा धडा माझ्यापुरता न राहता आपल्या सर्वांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

आज मागणीनुसार एकेक नग छापून देण्याचा धंदा वाढतो आहे. टी-शर्ट, पिशवी, कप, उशीचा अभ्रा, टोपी यांवर गिऱ्हाइकाला स्वतःचे नाव व चित्र हवे असते. तेही आता एका ठिकाणी नव्हे, तर पुढे, मागे, दोन्ही बाह्यांवर आणि मानेच्या आत शिक्क्याच्या जागीसुद्धा. या जागांना या धंद्यात ‘झोन’ म्हणतात. नाव नवे असले तरी गोष्ट नवी नाही. पैठणी विणणारा काठ, पदर आणि अंग वेगवेगळे मोजतो. कच्छमधील अजरखचे खत्री कारागीर काठाचा ठप्पा वेगळा व मधल्या अंगाचा वेगळा कोरतात. कोणत्या जागी काय बसेल हे जाणणे हेच तर आपले जुने हुन्नर आहे. संगणक आला म्हणून ते सोडून देण्याचे कारण नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रत्येक छपाईवाल्याने आपल्या मालाचा झोनचा तक्ता स्वतः तयार करावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली गोष्ट माप. मोठ्या माणसाच्या शर्टावर पुढचा झोन साधारण १२ बाय १६ इंच धरतात आणि छातीच्या डाव्या बाजूचे चिन्ह साडेतीन ते चार इंच. मुलांच्या शर्टाला हेच माप लावू नये. निदान तीन गट करावेत : मुलांचे, मध्यम आणि मोठे. शिवण, खिसा, चेन व बटणपट्टी यांपासून अंतर सोडावे, कारण तेथे दाब सारखा बसत नाही. कपाला कान असतो. कानाजवळची जागाही सोडावीच लागते.

दुसरी गोष्ट चित्र. एका इंचात ३०० ठिपके धरले, तर १२ बाय १६ इंचांच्या झोनला ३६०० बाय ४८०० ठिपक्यांचे चित्र लागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचे ठिपके कमी होतात आणि छाप धुरकट येतो. म्हणून चित्र डॉक्युमेंट म्हणून मागवावे, आणि प्रत्येक झोनची फाईल वेगळी घ्यावी.

तिसरी गोष्ट कापड. सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरवर, तेही पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर होते. सुती कापडावर ती टिकत नाही. सुती मालाला स्क्रीन, डीटीजी किंवा डीटीएफ लागते. गिऱ्हाइकाला एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण छाप हवा असेल, तर तयार शर्टावर तो नीट येत नाही. कापलेले तुकडे आधी छापून मग शिवावे लागतात. हे ऑर्डर घेतानाच सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट अक्षर. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून हा त्रास मला लगेच दिसतो. अनेक संगणकी नमुन्यांत उर्दू नाव टाकले की अक्षरे सुटी पडतात किंवा उलटी लागतात. मराठी जोडाक्षरांचेही कधी कधी असेच होते. उर्दू उजवीकडून सुरू होते, तेव्हा त्या झोनची मांडणीही उजवीकडूनच हवी. लिपी जाणणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय छपाईला हात लावू नये.

पाचवी गोष्ट कायदा. राष्ट्रध्वजाचे चित्र कोठे छापावे याला बंधन आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कमरेखालच्या पेहरावात ध्वज वापरता येत नाही. उशी, हातरुमाल, अंतर्वस्त्रे व ड्रेस मटेरियल यांवर तो छापता येत नाही. १५ ऑगस्टच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे तक्त्यातच लिहून ठेवावे.

आता दराचा प्रश्न. येथेच आपला कारागीर मार खातो. समजा, एका झोनला शर्ट मांडणे, छाप जुळवणे, दाबणे व काढणे यांत दीड मिनिट जाते. एका झोनचे काम असेल तर तासाला ४० नग निघतील. चार झोन असतील तर एका नगाला सहा मिनिटे, म्हणजे तासाला १० नग. तरीही कित्येक जण दर नगावर ठरवतात, झोनवर ठरवत नाहीत. गिऱ्हाईक ‘बाहीवर जरा नाव टाकून द्या’ म्हणते आणि आपण संकोचाने हो म्हणतो. ते ‘जरा’ आपल्याच मजुरीतून जाते. दर प्रत्येक झोनचा वेगळा असावा आणि तो लिहिलेला असावा.

छपाईपूर्वी प्रत्येक झोनचा नमुना गिऱ्हाइकाला दाखवून होकार लेखी घ्यावा. मोबाईलवरचा संदेशही चालेल. नमुन्याप्रमाणे छापलेला माल गिऱ्हाइकाने परत देऊ नये आणि नमुन्याबाहेर गेलेला माल आपण न कुरकुरता बदलून द्यावा. दोघांनाही हा न्याय सारखाच लागू पडतो.

काही बंधू म्हणतील, एवढी लिखापढी छोट्या दुकानाला कशी जमणार? माझा अनुभव असा की, तक्ता एकदाच करायचा असतो. एक दिवस मोजपट्टी घेऊन बसा, प्रत्येक मापाचा एक शर्ट पुढ्यात ठेवा आणि भिंतीवर कागद चिकटवा. त्यानंतर नवीन आलेला मुलगासुद्धा त्यावर बघून काम करू शकतो.

मालेगाव, भिवंडीच्या मागांवरचे पुष्कळ कापड कोरेच बाहेर जाते. रंग व छपाईचा नफा दुसरीकडे राहतो. एकेक नग छापण्याच्या धंद्याला मोठी गिरणी लागत नाही, एका खोलीतही तो उभा राहतो. आपल्या मुलांसाठी ही संधी आहे. परंतु माप, जागा आणि दर हे तिन्ही ऑर्डर देणाराच ठरवू लागला, तर आपण पुन्हा केवळ हातमजूर राहू. तक्ता आपला असला तर धंदा आपला राहील. आणि मालकाच्या निष्काळजीपणाची मजुरी कारागिराच्या पोरांच्या पोटातून कापली जाणार नाही.