ती डबी आजच बाहेर काढा

तुळशीची लग्नं लागली की घरोघरी बायोडेटाच्या झेरॉक्स निघतात, मुली साडी नेसून फोटो स्टुडिओत उभ्या राहतात आणि पार्लरमध्ये एक डबी हळूच पुढे सरकवली जाते. 'पंधरा दिवसांत फरक बघ. सगळ्या हीच नेतात.' हे आवाहन त्या डबीबद्दल आहे, आणि ते लग्नसराई ऐन भरात येण्याआधी तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

तुमच्या घरात रंग उजळण्याची अशी एखादी क्रीम असेल, जिच्यावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही किंवा असलीच तर आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीत आहे, तर ती आजपासून लावू नका. काही आठवडे लावून झाली असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. साध्या पॅथॉलॉजीत ती होते, फार पैसेही पडत नाहीत.

2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. एकाच घरात तिघींना एकदम हा आजार कसा, हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धरून ठेवला, क्रीम प्रयोगशाळेत पाठवली, आणि तिच्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही त्याच सुमारास असंच काही दिसत होतं. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे 22 रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतल्या 15 जणांत त्या आजाराचा एक विरळा प्रकार सापडला, आणि त्या 15 पैकी 13 जण रंग उजळण्याची क्रीम लावत होते.

पारा नेमकं काय करतो? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन शरीरात तयार होतं, ती प्रक्रिया तो अडवतो. त्यामुळे चेहरा खरोखरच उजळ दिसू लागतो, तोही झपाट्याने. डबीचा खप त्यावरच चालतो. गुण आला नसता तर मैत्रिणीने मैत्रिणीला सांगितलंच नसतं. पण पारा कातडीवर थांबत नाही, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. मग लघवीला फेस येतो, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पावलांवर बोट दाबलं तर खळगा राहतो. घरातल्या बायका याला 'अशक्तपणा' म्हणतात आणि कामाला लागतात. क्रीम लावलेल्या गालाला गाल लावून निजणाऱ्या तान्ह्या बाळापर्यंतही हा पारा पोचतो.

यात दिलासाही आहे. दुखणं वेळेत ओळखलं आणि क्रीम थांबवली, तर यातले बरेच रुग्ण सुधारतात. म्हणूनच ही घाई.

डबी हातात घेऊन नीट पाहा. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराईड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही लिहिलंय का? बहुतेक वेळा नसतं. पण काही डब्यांवर बारीक अक्षरांत सूचना असते: सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. चेहऱ्याला लावायच्या क्रीमचं दागिन्यांशी काय वैर, असा प्रश्न पडायला हवा. पारा सोन्याला धरतो, हे कुठल्याही सराफाला विचारा. अंगठी काढून ठेवून तीच क्रीम आपण गालाला चोळत असतो.

औषधांच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबही सुटत नाहीत. कातडीच्या आजारांसाठी बनवलेली स्टेरॉइडची मलमं गोरं होण्यासाठी सर्रास लावली जातात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूबचं नुसतं नाव सांगितलं की ती काउंटरवर येते. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव येते. मात्र ही मलमं एकदम सोडू नका. चेहरा आणखी भडकतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊनच ती थांबवा.

या सगळ्यामागे गोरेपणाच्या जाहिराती आहेत. आता कुणी म्हणेल, यात जाहिरातींचा काय दोष? नामांकित कंपन्या काही पारा घालत नाहीत. मान्य, तसा माझा आरोपही नाही. पण या बेनामी डब्यांची जाहिरात तुम्ही कुठे पाहिलीत? त्यांना ती करावीच लागत नाही, कारण त्यांची जाहिरात दुसऱ्यांनी आधीच करून ठेवली आहे. 'फेअर अँड लव्हली' 1975 मध्ये बाजारात आली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपण एकच गोष्ट पाहिली: सावळी मुलगी, खाली मान, मग ट्यूब, मग नोकरी, नवरा, टाळ्या. त्यातली एक जाहिरात चाळिशी उलटलेल्यांना आठवत असेल. बाप मुलगा नाही म्हणून हळहळतो, मुलगी ते ऐकते, गोरी होते, हवाई सुंदरी बनते आणि आईबापांना मोठ्या हॉटेलात कॉफी पाजते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने चिकाटीने तक्रारी केल्या, म्हणून 2003 मध्ये ती बंद झाली. त्या क्रीमसोबत रंगांच्या छटांची पट्टी यायची. मुली आरशापुढे ती गालाला लावून आपण कितव्या घरात आलो ते मोजायच्या. धान्य निवडताना खडे वेगळे काढावेत तसं स्वतःलाच निवडायला त्या पट्टीने शिकवलं. 2019 मध्ये कंपनीने पट्टी काढली, 2020 मध्ये नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. सावळा चेहरा दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा नियम जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'अ‍ॅस्की' या संस्थेने 2014 मध्येच केला होता. ही सगळी माघार लोकांच्या तक्रारींमुळे आणि रेट्यामुळे झाली, हे ध्यानात ठेवा.

पण लाज काही मागे घेतली गेली नाही. ती घरात मुरली होती. आता रीळमधून 'ग्लास स्किन' येते, फिल्टर येतो, गोरेपणाची इंजेक्शनं येतात.

म्हणून आईबापांना विनंती: बायोडेटातली 'रंग' ही ओळ खोडा. डीटीपीवाल्याच्या फॉरमॅटमध्ये ती आपोआप येते, त्याला काढायला सांगा. स्थळ सांगून येणाऱ्याने फोनवर 'मुलगी गोरी आहे ना?' असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. वधू-वर मंडळांनीही आपल्या फॉर्ममधला हा रकाना काढावा. एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने 2020 मध्ये लोकांच्या रेट्यामुळे त्वचेच्या रंगानुसार स्थळं शोधण्याची सोय काढली, तेव्हा लग्नं जुळायची थांबली नाहीत. वर्तमानपत्रांच्या संपादकांनो, पुरवणीत स्त्रीच्या आत्मसन्मानावर लेख आणि मागच्या पानावर 'गोरी, सुंदर, सडपातळ पाहिजे', हे आता पुरे करा.

पार्लर चालवणाऱ्या ताईंनो, यात पहिला धोका तुम्हालाच आहे. दिवसभर ती क्रीम तुमच्याच बोटांना लागते. डबी पुरवणाऱ्याकडे पक्कं बिल आणि परवाना क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर माल परत करा.

घरातली संशयित डबी कचऱ्यात टाकू नका, पारा मातीत आणि पाण्यात जाईल. झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नेऊन द्या. कुठून घेतली, केवढ्याला घेतली, कधीपासून लावली, हे कागदावर लिहून सोबत जोडा. डॉक्टरकडे जाताना डबीचा फोटो घ्या आणि क्रीमचं न विचारताच सांगा, कारण सूज बघून क्रीमबद्दल विचारायचं प्रत्येक डॉक्टरला सुचेलच असं नाही. खोटा दावा करणारी जाहिरात दिसली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या ताऱ्यालाही वर्षभर जाहिरातींपासून दूर ठेवता येतं. तक्रारीसाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वाहिनीचं किंवा खात्याचं नाव जवळ ठेवा.