करडईच्या तेलाची हद्दपारी

नांदेडच्या जुन्या मोंढ्यात अथवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या गृहस्थाने आज किराणा दुकानी करडईचे तेल मागितले, तर दुकानदार बहुधा सोयाबीनचा पुडा पुढे करतो, आणि गृहस्थाने आग्रह धरलाच तर "ते आता येत नाही" एवढे सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कोठून येत नाही, आणि कोणी येऊ दिले नाही, हे प्रश्न दुकानदारास विचारण्यात अर्थ नाही, कारण तो बिचारा डबे उतरवून घेणारा व पुडे विकणारा. ते प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत.

ज्या मुलुखाविषयी आम्ही बोलत आहो तेथे करडई ही परकी वस्तू नव्हे. रब्बीच्या ज्वारीत तिची तासे पेरावीत, काटेरी म्हणून शेताच्या कडेने तिचे कुंपण करावे, थंडीत कोवळ्या पाल्याची भाजी करावी, उन्हाळ्याच्या तोंडाशी बी मळून घाण्यावर न्यावे, पेंड गुरांस घालावी आणि तेलाचा डबा घरात ठेवावा, हा मराठवाड्यातील कुणब्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. भाकरीवर ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार असे म्हटले म्हणजे ती धार करडईची किंवा भुईमुगाची हे सांगावे लागत नसे. 1980 नंतरच्या दशकात देशात करडईखाली कित्येक लाख हेक्टर जमीन होती आणि तीत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. 2018-19 च्या सुमारास हे क्षेत्र साऱ्या देशात मिळून एक लाख हेक्टरच्याही खाली गेले. एका माणसाच्या हयातीत एवढी घट झाली. दुष्काळाने किंवा रोगाने झाली असती तर तिचा बोभाटा तरी झाला असता.

ह्यावर अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेले विद्वान आम्हांस सांगतात की, मागणी तसा पुरवठा. लोकांस करडईचे तेल नकोसे झाले म्हणून ते दुकानातून गेले, ह्यात रडण्यासारखे काय आहे? आमचे म्हणणे असे की, हा सिद्धान्त येथे मुळीच लागू पडत नाही. लोकांनी करडई नाकारल्याचा पुरावा कोठे आहे? पुण्यामुंबईस 'लाकडी घाण्याचे' म्हणून हेच तेल सोयाबीनच्या दुपटीहून अधिक दराने विकले जात आहे आणि सुशिक्षित मंडळी ते आनंदाने नेत आहेत. नको असलेल्या वस्तूस दुप्पट दाम कोण मोजतो? मागणी मेली नाही. मागणी आणि माल ह्यांमधला रस्ता तोडला गेला, आणि तो कसा तोडला गेला हे सरकारी कागदांवरूनच दिसते.

1986 साली केंद्र सरकारने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान काढले आणि काही वर्षे देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग 1994 साली पामतेलाची आयात खुली झाली. तेव्हा तिजवर शेकडा 65 जकात होती. 1998 पर्यंत ती शेकडा 15 वर आणली गेली. जकात पुढे अनेकदा चढली व उतरली, परंतु परदेशी तेलाची सवय जी लागली ती लागलीच. 2022-23 च्या तेलवर्षात सुमारे 160 लाख टनांवर खाद्यतेल बाहेरून आले. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. मलायातील व सुमात्रातील झाडाचे तेल जहाजाने येऊन लातुरात स्वस्त पडते आणि लातूरच्या काळ्या जमिनीतले तेल लातुरातच महाग पडते, ही किमया जमिनीची नसून जकातीच्या तक्त्याची आहे.

दुसरा घाव 1998 साली बसला. त्या वर्षी दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले जाऊन पुष्कळ माणसे दगावली. सरकारने सुटे तेल विकण्यास बंदी करणारा हुकूम काढला आणि तेल सीलबंद बांधूनच विकले पाहिजे असे ठरविले. माणसे मेल्यावर सरकारने काहीतरी करावयासच हवे होते, हे आम्ही मान्य करतो. पण गुन्हा एका शहरातील भेसळखोरांचा, आणि शिक्षा गावोगावच्या तेल्यांस! यंत्राने पुडे भरावयाचे, नोंदणी करावयाची, तपासणीची व्यवस्था ठेवावयाची, हे शंभर टन गाळणाऱ्या कारखान्यास जमते. दिवसाला दोन डबे गाळणाऱ्या घाण्यास जमत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून ग्रामोद्योग संघाने घाणा सुधारण्यासाठी जी खटपट केली, ती सारी ह्या एका हुकुमापुढे लटकी पडली.

आता ह्याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. तेल्याने एका तेलात दुसरे मिसळले तर ती भेसळ. कारखानदाराने दोन तेले मिसळली, प्रत्येकाचा भाग शेकडा 20 पेक्षा कमी नाही एवढे पाळले आणि पुड्यावर तसे छापले, तर ते 'मिश्रण', आणि ते कायदेशीर. 'सफोला' हे नाव करडईच्या 'सॅफ्लॉवर' ह्या इंग्रजी नावावरून निघाले आणि आरंभी त्या डब्यात करडईचेच तेल असे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही तेलांत मुख्य भाग भाताच्या कोंड्याच्या तेलाचा असून सोबतीस सूर्यफूल किंवा सोयाबीन असते. ह्यात बेकायदा काहीच नाही. सर्व पुड्यावर लिहिलेले असते. परंतु करडईचे नाव डब्यावर राहावे आणि करडई डब्यातून जावी, ह्याहून बोलका दाखला आम्हांस सुचत नाही.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो. 'गोल्ड स्पॉट' हे नारिंगी पेय एका पिढीच्या मुलांस किती प्रिय होते हे सांगावयास नको. 1993 साली पार्ले कंपनीने आपली पेये कोकाकोलास विकली. नव्या मालकाजवळ 'फँटा' हे स्वतःचे नारिंगी पेय होते. गोल्ड स्पॉट दिसेनासे झाले. तेथेही मुलांचे मत कोणी विचारले नव्हते.

शेतकऱ्याने करडई का सोडली, असे विचारणाऱ्यांनी मार्च महिन्यात एकदा करडईच्या रानात उभे राहावे. काटे असे की हातापायांस फडकी गुंडाळल्यावाचून कापणी होत नाही; मजूर मिळत नाहीत; थंडीत मावा पडला तर पीक जाते. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, मागून हरभरा घेता येतो, आणि मोंढ्यात घेणारा उभा असतो. शेतकऱ्यास दोष देणे म्हणजे बुडणाऱ्याने फळी का धरली असे विचारणे होय. मात्र काट्यांवर उपाय नव्हता असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे 'नारी-6' दिले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'शारदा' व 'परभणी कुसुम' असे वाण काढले. कापणी-मळणीची यंत्रे आली. वाण निघाले, पण बी घेणारा घाणा तोवर बंद पडला होता.

सोयाबीनवर कारखानदाराची एवढी प्रीती का, हेही समजून घ्यावे. सोयाबीनच्या दाण्यात तेल शेकडा 18 ते 20. करडईत शेकडा 28 ते 30. मग कमी तेलाच्या दाण्यास तेलबियांचे सिंहासन का? कारण सोयाबीन हे खरे पाहता पेंडीचे पीक आहे. पेंड कोंबड्यांस व परदेशास जाते, तेल हे तिच्या मागोमाग निघणारे. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात काय कढावे हे कोंबड्यांच्या खाद्यावरून ठरते! आणि ज्या सोयाबीनसाठी हे सर्व केले त्याची गत काय झाली? 2024 च्या हंगामात सरकारचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल असता बाजारात शेतकऱ्यास त्याहून पुष्कळ कमी दर घ्यावा लागला. एका पिकाच्या गळ्यात सर्व मुलूख बांधल्याचे हे फळ.

करडईचे तेल अमृत आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीस आम्ही बसत नाही. एके काळी डॉक्टर मंडळी हृदयरोग्यांस ते आग्रहाने सांगत. पण सिडनी येथे 1966 ते 1973 ह्या काळात हृदयरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे आकडे 2013 साली पुन्हा तपासले, तेव्हा करडईचे तेल भरपूर घेणाऱ्यांत मृत्यूच अधिक निघाले. म्हणून औषध ह्या नावाने त्याची भलावण नको. ते आमच्या जमिनीचे, आमच्या चवीचे, पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर खोल मुळाने वाढणारे अन्न आहे, एवढे पुरे आहे. 2016 च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरने तरी अशा पिकास सहज निरोप द्यावयास नको होता.

इंग्लंडातील एक हकिकत येथे सांगतो. ती मद्याची आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. तेथील मोठमोठे कारखाने पिंपातली जुनी बिअर बंद करून वायू भरलेली नवी बिअर दुकानोदुकानी घालू लागले आणि "जुनीला मागणी नाही" असेच सांगू लागले. 1971 साली चार मित्रांनी एक मंडळ काढले, पाहता पाहता हजारो सभासद झाले, आणि 'मागणी नसलेली' ती बिअर आजही तेथे मिळते. पिणाऱ्यांनी जे केले ते खाणाऱ्यांस अशक्य का असावे?

सरकारकडे आमचे मागणे एवढेच की, पुड्याच्या दर्शनी बाजूस, नावाच्याच आकाराच्या देवनागरी अक्षरांत, आत कोणते तेल किती आहे ते छापावे. आणि तेल तपासण्याची सोय बाजार समितीच्या आवारात करून लहान घाण्यास पुडे बांधण्यास मदत द्यावी. करडईचा हमीभाव 2025-26 च्या रब्बी खरेदी हंगामासाठी 5,940 रुपये ठरला. परंतु घेणारा आडत्या नसेल तर तो केवळ छापील आकडा. हा आकडा घरच्या हिशेबात मांडून पाहू. क्विंटलभर बियाचे घाण्यावर सुमारे 25 किलो तेल निघते. म्हणजे बियांची किंमत किलोमागे 238 रुपयांच्या आसपास पडते, आणि गाळण्याच्या मजुरीचा बराच भाग पेंडीत भरून निघतो. सोयाबीनपेक्षा हे महाग आहे, ते आम्ही लपवीत नाही. चार माणसांच्या घरास महिना 3 किलो धरले तर वर्षास दीड क्विंटल बी लागेल. नांदेडच्या किंवा लातूरच्या एका वसाहतीतील 20 घरांनी मिळून 30 क्विंटलांचा शब्द एखाद्या गावास द्यावा, आणि तो दसऱ्यापूर्वी द्यावा, कारण करडईची पेरणी त्याच सुमारास होते.