रविवारच्या आत तो मेसेज थांबवा

नेरळ, कर्जत, कडाव, चौक, खोपोली या सगळ्या पट्ट्यातल्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. एका देशी गेमच्या नव्या अपडेटनंतर विकत घेतलेल्या स्किन (पात्रांचे पोशाख) गायब झाल्या, मॅच मध्येच बंद पडते. म्हणून रविवारी रात्री नऊ वाजता सगळ्यांनी मिळून प्ले स्टोअरवर एक स्टार द्यायचा आणि कंपनीच्या इन्स्टाग्रामवर तुटून पडायचं. इथवर एकवेळ ठीक. पण खाली कंपनीचं पान सांभाळणाऱ्या मुलीचं नाव आणि खासगी नंबर दिलाय, आणि पुढे लिहिलंय, ‘हिला झोपू देऊ नका.’

पोरांनो, हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर आजच काढा. ग्रुप ॲडमिननी तर रविवारची वाटच बघू नये.

तुमची तक्रार खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. शनिवार-रविवार फार्महाऊसवर वाढपी म्हणून राबायचं, त्यातले शे-दोनशे रुपये एका स्किनवर घालायचे आणि ती एका अपडेटमध्ये नाहीशी व्हायची, तर डोकं फिरणारच. पैसे घेताना तत्पर आणि उत्तर देताना मुकी, अशा कंपन्या आहेतच. पण ज्या मुलीचा नंबर वाटला जातोय तिने ना तो कोड लिहिला, ना स्किनची किंमत ठरवली. गेम बनवणारे वेगळे, तो बाजारात आणून पैसे लावणारा प्रकाशक वेगळा आणि तुमच्या कमेंटना उत्तर देणारं माणूस तिसरंच. शिव्या नेमक्या त्या तिसऱ्याच्या वाट्याला येतात, कारण तेवढंच समोर दिसतं.

मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ या गेमचं असंच झालं. गेम स्वीडनच्या ॲरोहेडने बनवलेला, प्रकाशक सोनी. पीसीवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलंच पाहिजे असा फतवा सोनीने काढला. कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन लाखांहून जास्त वाईट अभिप्राय पडले आणि काही दिवसांतच, ६ मे रोजी, सोनीने निर्णय मागे घेतला. तुम्ही म्हणाल, मग आम्ही वेगळं काय करतोय? स्टीमवर गेम खात्यात असल्याशिवाय अभिप्राय देता येत नाही. लोकांची मागणी एकच होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. ती मान्य झाल्यावर अनेकांनी आपले अभिप्राय बदललेही. आपल्या मेसेजमध्ये मात्र ‘गेम टाकला नसेल तर टाका, स्टार द्या, काढून टाका’ असं चक्क लिहिलंय.

असल्या एक स्टारचं काय होतं तेही आपण पाहिलंय. मे २०२० मध्ये टिकटॉकचं रेटिंग दीडच्याही खाली गेलं, मग गूगलने लाखो अभिप्राय पुसून टाकले. त्याआधी २०१७ मध्ये तर स्नॅपचॅटवर चिडलेल्या आपल्या लोकांनी बिचाऱ्या स्नॅपडीलला एक-एक स्टार वाटले होते! रागाच्या भरात नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं.

‘सायबरपंक २०७७’ ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा लांबणीवर पडला तेव्हा तो बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने गेम एका दिवसानेही लवकर आला नाही. डिसेंबरात आला तो जुन्या प्लेस्टेशनवर धड चालेना. लोकांनी पैसे परत मागितले, ते द्यावे लागले आणि सोनीने तो गेम प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातूनच काढला. कंपनीला घाम फुटला तो या परताव्यांनी.

आणि गेम बनवणारे काही फार लांबचे नाहीत. घाटाच्या पलीकडे, पुण्यात, सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये येईपर्यंत एक कोटीहून जास्त लोक नाव नोंदवून बसले होते. ‘राजी’ बनवणाऱ्या पुण्याच्याच नोडिंग हेड्सला २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचं उद्दिष्ट गाठता आलं नव्हतं, तरी त्यांनी २०२० मध्ये गेम आणला. उद्या आपल्या भिवपुरीच्या कॉलेजातली कुणी मुलगी अशाच कंपनीत नोकरीला लागेल. तिचा नंबर असा वाटला गेला तर?

आणखी एक, राग येईल पण सांगतो. खोपोली लोकलमध्ये पळसदरी सुटली की रेंज जाते-येते आणि पिंग लाल होतो. तिथे हरलेल्या मॅचचं खापर कंपनीवर फोडू नका.

धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. ती जिवे मारण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फेक अकाउंटवरून दिली म्हणून सुटका नाही. ओळख लपवून धमकावण्याला त्याच कलमात जादा शिक्षा आहे.

आता रविवारी नऊला काय करायचं? ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी गूगलचा ईमेल उघडा. त्यात ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर प्ले स्टोअरवरच परतावा मागा, झाले असतील तर थेट कंपनीला लिहा. नुसतं ‘गेम भंगार आहे’ लिहिलं तर त्यावर कुणालाही काही करता येत नाही. असं लिहा: ‘शुक्रवारी रात्री साडेआठ, खोपोली, घरचं वाय-फाय. फोनचं मॉडेल हे, गेमची आवृत्ती ही. मॅच सुरू झाल्यावर पाच मिनिटांत गेम बंद. दोनदा पाहिलं, दोनदा तेच. स्किन गायब, ऑर्डर क्रमांक आणि स्क्रीनशॉट सोबत.’ एक स्टार द्यायचा असेल तर जरूर द्या, पण स्वतः खेळला असाल तर, आणि त्याखाली हेच लिहून. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, कंपनी कितीही मोठी असो.

आईबाबांनो, हे वाचून पोराच्या हातातला फोन हिसकावू नका. शेजारी बसून तो ईमेल शोधायला मदत करा. पैसे बहुधा तुमच्याच खात्यातून गेलेत.

त्या मुलीचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनी तो आत्ताच काढा. कुणी तिला आधीच फोन केला असेल, तर माफी मागायलाही पुन्हा करू नका.