पिल्लाचे वेळापत्रक

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी २-३ तासांपेक्षा अधिक काळ रोखता येत नाही. वयच तसे असते. म्हणून उठल्याबरोबर, खाण्यानंतर १५-२० मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि निजण्यापूर्वी त्याला ठरलेल्या एकाच जागी न्यावे. रात्रीही एकदा उठावे लागते. दुकानाच्या वेळेत हे कोणी करायचे, ते पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवावे. बहुधा हे काम न विचारता सुनेच्या माथी येते आणि महिन्याभरात पिल्लू परत देण्याची भाषा सुरू होते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यापेक्षा गच्ची किंवा अंगण बरे. योग्य जागी विधी होताच तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. घरात झालाच, तर निमूटपणे पुसावे. नाक घासले, चापट मारली, तर माणसांच्या देखत करू नये एवढेच ते शिकते. मग सोफ्यामागे जाते आणि बाहेर नेले तरी आपल्यासमोर मोकळे होत नाही.