गाडी रुसली? आधी कान द्या

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे झुकतो. अशा दुपारी लग्नाहून परतताना जी. ई. रोडवर गाडी बंद पडते, मागे हॉर्नचा गलका सुरू होतो आणि चालक घाबरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसतो. नेमके तेच टाळायचे. चारही इंडिकेटर लावा, मुलांना आणि आजी-आजोबांना सावलीत बसवा.

मग एकदाच किल्ली फिरवा आणि ऐका. नुसती टकटक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. पण चालती गाडी अशी बंद पडली असेल, तर अल्टरनेटरही तपासून घ्या. नाहीतर नवी बॅटरी घालूनही चार दिवसांत तीच गत!

इंजिन जोमाने फिरते पण सुरू होत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी पोहोचत नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर असे आणि फ्युएल पंप इंजिनालाच जोडलेला. उन्हात पेट्रोलची वाफ होई. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबले की गाडी निमूट चालू लागे. आता पंप टाकीत बुडालेला असतो, तिथे फडके काय करणार? किल्ली 'ऑन' करताच मागून येणारी बारीक घरघर बंद असेल, तर आधी फ्यूज पाहा.

घरघर येते, आणि गार झाल्यावर गाडी आपोआप सुरूही होते? मग क्रँक सेन्सरचा संशय घ्या. मेकॅनिकला 'तापल्यावरच बंद पडते' हे आवर्जून सांगा. त्याच्या दारात पोहोचेपर्यंत ती अगदी शहाणी झालेली असते.