मूळ रंग, मूळ आकडे : जुन्या लष्करी जीपगाड्यांविषयी खुले पत्र

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : लष्करी वाहनांवरील कारखान्याच्या खुणा आणि व्हिंटेज नोंदणीचे नियम

लष्करी वाहनावर खुणा दोन टप्प्यांत चढतात. पहिल्या कारखान्यात, दुसऱ्या पुढे डेपोत आणि पलटणीत. पहिल्या खुणांवरून वाहन कोणी, कुठे आणि कधी बनवले ते कळते. दुसऱ्यांवरून ते कोणाच्या हाती गेले ते. जुनी जीप पुन्हा उभी करताना या दोहोंची हमखास गल्लत होते. बॉनेटवरचा पांढरा तारा हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याचे ओळखचिन्ह होते, पण बहुतेक जीपगाड्यांवर तारा कारखान्यातून आला नाही, नंतर रंगवला गेला. आज मात्र तारा आधी ठरतो आणि गाडी नंतर. १९७० च्या दशकातल्या, उंच बॉनेटच्या महिंद्रा सीजे-३बी वरही तो दिमाखात झळकतो.

कारखान्याच्या खुणा चार तऱ्हांच्या असतात : धातूच्या जाड भागात ओतून आलेल्या, पंचाने ठोकलेल्या, रिव्हेटने बसवलेल्या पट्ट्यांवरच्या आणि स्टेन्सिलने रंगवलेल्या. ओतीव खूण सर्वांत टिकाऊ. शर्मन रणगाड्याच्या ओतीव भागांवर ओतशाळेचे चिन्ह आणि आराखड्याचा क्रमांक उठून दिसतो. रंगाचे दहा थर चढले तरी बोटाला लागतो. स्टेन्सिलची खूण सर्वांत नाजूक, आणि नूतनीकरणात पहिला बळी तिचाच जातो. गॅरेजमध्ये गाडी ‘पत्र्यापर्यंत’ घासली जाते, पुट्टी भरली जाते, वर चकचकीत रंग चढतो. या कामाला कौतुकाने ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात गाडीचा जन्मदाखला पुसलेला असतो.

महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली. ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या विलिस-ओव्हरलँडने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आराखडा एकच होता आणि सुटे भाग परस्परांना बसत. म्हणूनच आज विलिसच्या चॅसिसवर फोर्डचे इंजिन आणि तिसऱ्याच गाडीची बॉडी सर्रास आढळते. फरक ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. चॅसिसची पुढची आडवी दांडी विलिसमध्ये गोल नळीची, फोर्डमध्ये उलट्या नाल्याच्या आकाराची. विलिसचा चॅसिस क्रमांक डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला लावलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा दांडीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. फोर्डच्या गाडीत कारखान्यातून निघताना चॅसिस आणि इंजिन यांचा क्रमांक एकच असे. विलिसमध्ये दोन्ही वेगळे. हे ठाऊक नसलेला तपासनीस विलिसच्या कागदांत न जुळणारे आकडे पाहून अस्सल गाडीवरच संशय घेईल.

फोर्डची आणखी एक सवय नूतनीकरण करणाऱ्यांना वरदान ठरली आहे. बोल्टच्या डोक्यापासून कंसापर्यंत, शक्य त्या प्रत्येक सुट्या भागावर फोर्डने आपले ‘एफ’ अक्षर उमटवले. विलिसच्या भागांची हमी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून, असे त्याचे कारण सांगितले जाते. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही कंपन्यांची नावेही ठळक दाबलेली होती. १९४२ मध्ये ती बंद झाली. सैन्याच्या गाडीवर कंपनीने आपली जाहिरात करावी, हे लष्कराला रुचणारे नव्हतेच. त्यामुळे १९४४ च्या गाडीच्या मागे ‘विलिस’ हे नाव दिसले, तर तो पत्रा दुसरीकडून आलेला आहे किंवा हल्ली बनवलेला आहे.

सर्वांत बोलकी खूण डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या झाकणावर असते. तिथल्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर वाहनाचे नाव, अनुक्रमांक आणि सैन्याला सुपूर्द केल्याची तारीख कोरलेली असते. आता हुबेहूब कोऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. मूळ पट्टी गहाळ असेल तर नवी लावण्यात गैर काही नाही. तिच्या मागे बनवल्याचे वर्ष ठोकले, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होत नाही. पण कोऱ्या पट्टीवर अंदाजाने तारीख उमटवणे किंवा चॅसिसवर ‘जुळणारा’ आकडा ठोकणे याला नूतनीकरण म्हणत नाहीत, ती बनावट आहे. घासलेला ठोकीव आकडा कायमचा गेला असेही नसते. पंचाच्या आघाताने वरच्या आकड्याखालचा धातूही दबलेला असतो, आणि आम्लाच्या प्रक्रियेने तो फरक पुन्हा दिसू शकतो. चोरीच्या गाड्यांच्या तपासात न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच पद्धत वापरतात.

रंगवलेल्या आकड्यांचा शोध अधिक चिकाटीचा. अमेरिकी जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना ‘यूएसए’ आणि २० ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असे. युद्धातल्या बऱ्याच काळात त्याचा रंग पांढरा नव्हता, मंद निळसर होता. ऑलिव्हच्या पार्श्वभूमीवर तो जवळून वाचता येई, लांबून दिसत नसे. हेतूच तो होता. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत तो जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून पुष्कळांना गाडी बिनआकड्याची वाटते. असा आकडा शोधण्यासाठी बारीक वॉटर पेपरने, पाणी सोडत, रुपयाएवढ्या जागेत एकेक थर उघडा करतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंग दिसू लागतात : वर मालकाच्या हौसेचा रंग, खाली भारतीय सैन्याचा गडद हिरवा, त्याखाली तपकिरीकडे झुकणारा, चमक नसलेला अमेरिकी ऑलिव्ह. अंधारात टॉर्च आडवी धरली तर झाकल्या गेलेल्या आकड्यांच्या कडाही उठून येतात. पट्ट्यांच्या मागे, सीटखाली, हत्यारांच्या कप्प्याच्या आत मूळ रंग हमखास सापडतो. तिथे कोणा पेंटरचा ब्रश पोचलेला नसतो. स्टेन्सिलच्या अक्षरांत साच्याचे पूल राहिल्याने बारीक तुटी असतात. संगणकावर कापलेल्या स्टिकरची सलग, गुळगुळीत अक्षरे त्यामुळेच लगेच उघडी पडतात.

भारतात हा शोध आणखी गुंतागुंतीचा होतो. ब्रिटिश पद्धतीत क्रमांकाआधीचे अक्षर वाहनाचा प्रकार सांगे : रणगाड्याला ‘टी’, चिलखती मोटारीला ‘एफ’, लॉरीला ‘एल’, जीपला ‘एम’. अमेरिकी जीप ब्रिटिश पद्धतीने नोंदली गेली असेल, तर एकाच बॉनेटवर अमेरिकी आकड्यावर ब्रिटिश आकडा चढलेला असू शकतो. ‘टाटानगर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिलखती गाडीचा सांगाडा कॅनडातल्या फोर्डचा आणि चिलखत भारतात बनलेले. तिची ‘मूळ’ खूण कोणती, याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. स्वातंत्र्यानंतर सैन्याच्या पाट्यांवर बाण राहिला, तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेच्या जुन्या चिन्हाचा वारसा. बाणापुढचे दोन आकडे वर्ष दाखवतात.

आता नियमांकडे. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. तपासणीसाठी राज्यांनी समित्या नेमायच्या आहेत. तरतूद स्वागतार्ह आहे. लष्करी गाडी मात्र तिच्यात दोन ठिकाणी अडकते.

पहिली अडचण तारखेची. पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. लष्करी जीप सैन्यात असताना आरटीओच्या वहीत नसते. १९४४ ची जीप १९९० मध्ये डिस्पोजलच्या लिलावात निघाली आणि तेव्हा तिची मुलकी नोंदणी झाली, तर कागदोपत्री ती २०४० पर्यंत व्हिंटेज ठरणार नाही. तिच्या झाकणावरची तारीख मात्र डोळ्यांसमोर असते. लष्करी वाहनांपुरती तरी सुपूर्द केल्याची तारीख, चॅसिस क्रमांकाशी पडताळून, ग्राह्य धरली जावी.

दुसरी अडचण रंगाची, आणि ती काहीशी गमतीची आहे. त्याच नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याखेरीज कोणालाही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. म्हणजे एक नियम मूळ स्वरूप मागतो आणि दुसरा तेच स्वरूप मना करतो. बंदीमागचे सुरक्षेचे कारण खरे आहे. कोणीही खाकी-हिरवी गाडी घेऊन छावणीच्या फाटकाशी उभे राहू नये, हे कोणालाही पटेल. त्यामुळे सरसकट सूट मागण्यात अर्थ नाही. ज्या वाहनाचा मूळ थर समितीने स्वतः पाहिला आहे आणि ज्याची ‘व्हीए’ नोंदणी झाली आहे, तेवढ्यालाच मूळ चमकरहित ऑलिव्ह रंगाची परवानगी मिळावी. बाणाची पाटी आणि भारतीय सैन्याची आजची चिन्हे रस्त्यावर वर्ज्यच असावीत. ती मूळ असली तरी प्रदर्शनापुरतीच राहावीत.

समित्यांना लागणारे ज्ञान देशात उपलब्ध आहे. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जुन्या रणगाड्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्याच शहरात संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळाही आहे. तपासणीचा नमुना तक्ता त्यांच्या सल्ल्याने तयार होऊ शकतो. त्यात छायाचित्रे नूतनीकरणाआधी काढलेली असावीत, नंतरची पुरेशी मानू नयेत, ही अट अत्यावश्यक आहे.

राहता राहिला ‘व्हीए’ पाटीच्या जागेचा प्रश्न. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना मूळ आकडा असतो आणि ग्रीलच्या नऊ फटी मोकळ्या राहायला हव्यात. पुढच्या बंपरवर मात्र कारखान्याने काहीच रंगवलेले नसे. तिथली अक्षरे पलटणीची. पाटी तिथे लावली तर कारखान्याची एकही खूण झाकली जात नाही.

कळावे.