प्रचाराची नवी साधने आणि गोरेगावचा मतदार

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. राज्यातील इतर नगरपंचायतींप्रमाणे तिच्यातही १७ प्रभाग आहेत. अशा क्षेत्राची लोकसंख्या साधारणतः २५,००० च्या आत असते. म्हणजे एका प्रभागात मतदार फार तर हजाराच्या घरात. दुसरीकडे, २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ सदस्य सामावतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लहान गावाच्या राजकारणात काय घडते आहे ते ध्यानी येते. संपूर्ण प्रभाग आता उमेदवाराच्या खिशात मावतो.

मोठ्या शहरांत दूरच्या मतदारापर्यंत पोहोचण्यासाठी ही साधने लागतात. गोरेगावसारख्या गावी मात्र उमेदवार सकाळच्या वेळात आपला प्रभाग पायी फिरू शकतो. मग येथे त्यांनी काय बदलले? आम्हांस वाटते, संवादाची दिशा बदलली. दारात आलेल्या उमेदवाराला घरची बाई ‘नाली का तुंबली?’ असे विचारते आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. गटात केवळ चालकांनाच लिहिता यावे, अशी सोय २०१८ मध्ये आली. ती वापरली की वाढदिवसाचे फलक, सत्काराची छायाचित्रे आणि घोषणा अखंड येत राहतात. प्रश्नाला मात्र वाटच उरत नाही.

लहान गावाचा आणखी एक धोका आहे. येथे संदेश ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून त्यावर चटकन विश्वास बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. तंत्राने वेग कमी झाला. विवेक मात्र माणसालाच बाळगावा लागतो. निवडणुकीच्या तापलेल्या वातावरणात हे अधिकच खरे ठरते.

कायद्यानेही या क्षेत्राची दखल घेतली आहे. भारत निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये आदेश काढून उमेदवाराने आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती शपथपत्रात द्यावी, जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्यात आणि त्यांचा खर्च निवडणूक खर्चात दाखवावा, असे ठरविले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. आरोग्य शिबिरात एखाद्याने दिलेला मोबाईल क्रमांक त्याला न विचारता प्रचाराच्या यादीत जाणे योग्य नव्हे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. पक्षच नव्हे, तर बचत गट, मंडळे आणि धार्मिक संस्था यांनीही ते पाळले पाहिजे.

या साधनांचा सदुपयोग कसा होतो, हेही याच भागात दिसू शकते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिची अंतिम तारीख आणि लागणारी कागदपत्रे वेळेवर कळविणारा एक संदेश शंभर शुभेच्छांहून मोलाचा आहे. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत मतदान यंत्रणेतील बिघाडांमुळे ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. अशा दिवशी कोणत्या केंद्रावर पुन्हा मतदान आहे, हे अचूक कळविणे हीच खरी लोकसेवा ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या गटात लोकांना बोलू द्या. ऐकीव मजकूर पडताळल्याखेरीज पुढे धाडू नका. ज्या वृद्धाच्या वा रोजंदारीवरील मजुराच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याच्या दाराशी आजही स्वतः जा. आणि मतदारांनी निकालानंतर त्याच गटात आपला प्रश्न पुन्हा विचारावा. तेव्हा उत्तर मिळते की नाही, यावरूनच त्या गटाची खरी किंमत ठरेल.